समाप्ती दिनांक एकतीस मे

सरकारला एखाद्या गोष्टीचा शेवट ठरवायचा नसला, की ते कागदाच्या तळाशी 'पुढील आदेशापर्यंत' असे लिहून मोकळे होते. संगणकाला ही सोय नाही. त्याला तारीख लागते: दिवस, महिना, वर्ष. रकाना रिकामा सोडला तर तो पुढे जाऊ देत नाही, आणि अक्षरे लिहिली तर घेत नाही. सरकार आणि संगणक यांच्यातला हा मतभेद मिटवण्याचे काम उदगीरच्या एका डाळ मिलमध्ये माझा नवरा अकरा वर्षे करत होता. आता ते मी करते.

तो असताना मी त्याला 'हे' म्हणत होते. लिहिताना 'तो' म्हणते आहे. हरकत घ्यायला तो नाही, आणि असता तरी त्याने घेतली नसती.

काम सांगायला सोपे आहे. मिलमध्ये बर्मा आणि आफ्रिकेची तूर येते, आणि इथली चणाडाळ आणि बेसन आखातात जाते. तुरीच्या मुलखात तूर समुद्रापलीकडून का येते, असे विचारायचे नसते. ते नियमात बसते, एवढे पुरते. कोणता माल आणायला मोकळीक आहे, कशाला कोणता दाखला लागतो, कोणत्या देशाला गोणीवर काय छापलेले हवे असते, हे सगळे इंग्रजी कागदांत येते. तो कागद वाचायचा आणि संगणकात 'नियम मास्टर' नावाची स्क्रीन आहे, तिथे एकेका ओळीत भरायचा. मालाचा क्रमांक, देश, अट, लागू दिनांक, समाप्ती दिनांक, आणि शेवटी शेरा. बिल करताना संगणक आधी ही ओळ पाहतो. नियम जिवंत असला तर बिल छापतो. मुदत संपलेली असली तर ओळ लाल होते, बिल निघत नाही, आणि भरलेला ट्रक गेटातच उभा राहतो.

एका मंगळवारी सकाळी त्याच्या छातीत दुखू लागले. लातूरला नेईपर्यंत तो बोलत होता, दवाखान्याच्या दारात थांबला. छप्पन्न वर्षांचा होता. घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी मिलचे शेठ आणि मुनीमजी आले. मुनीमजी सत्तरीचे, पांढऱ्या टोपीतले. त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला आणि हळू आवाजात विचारले, "ताई, जाताना काई बोलले का? म्हंजे... पासवर्ड?"

मी नाही म्हटले. तेव्हा मला हसू आले नाही, आज लिहिताना येते आहे. पासवर्ड पुढे सापडला. टेबलाच्या काचेखाली, सगळ्यांना दिसेल असा त्याने ठेवला होता, त्यामुळे कुणाला दिसला नव्हता.

मी तेव्हा इथल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. दिवसाला चार वाचक यायचे, त्यातले तिघे पेपर चाळून जायचे आणि चौथे पंख्याखाली झोपायचे. शेठ म्हणाले, "वहिनी, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं. सरकारचे नियम म्हणजे तरी काय, पुस्तकच की." नियमांना कुणी पुस्तक म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले. पण घरातल्या त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसण्यापेक्षा मिलमधल्या त्याच्या खुर्चीत बसणे मला सोपे वाटले.

आमच्या घरात एक जुनी वाटणी होती. वाचणारी मी, न वाचणारा तो. जेवणानंतर मी कादंबरी घेऊन बसायचे आणि तो मिलमधून आणलेले कागद पसरायचा. त्याच्या कागदांना मी वाचन मानत नव्हते. त्याच्या हातचे लिहिलेले म्हणाल तर किराणा मालाच्या यादीपलीकडे मी काही पाहिले नव्हते, आणि त्यातही तो 'साबुदाणा' चुकवायचा.

कामाच्या पहिल्या दिवशी मी तुरीची ओळ उघडली. इंग्रजी कागदात तुरीला जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ कबुतराचा वाटाणा असा होतो. मी शब्दकोश काढावा का, या विचारात होते, तेवढ्यात शेऱ्याच्या रकान्याकडे लक्ष गेले. त्या रकान्यात साठ अक्षरे मावतात. तिथे त्याने लिहिले होते: "इंग्रजीत कबुतराचा वाटाणा. मराठीत तूरच. घाबरू नये."

मग मी त्या दिवशी दुसरे काही केले नाही. एकेक ओळ उघडत गेले. बर्माच्या ओळीत: "म्यानमार म्हणजेच बर्मा. मुनीमजींना दोन्ही सांगावे." कीड मारायला मालाला धुरी देतात, त्या दाखल्याच्या ओळीत: "माल निघण्याआधी. नंतर धुरी देऊन उपयोग नाही." एका लांबलचक अटीखाली: "हे कुणालाच कळलेले नाही. मलाही. तरी पाळावे." आणि पिवळ्या वाटाण्याच्या ओळीत फक्त तीन शब्द: "हा खरोखरच वाटाणा."

आम्ही अठ्ठावीस वर्षे एका घरात राहिलो. तो असे लिहितो हे मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे मी चांगल्या गद्याच्या शोधात वाचनालयातली कपाटे उपसत होते, आणि ते डाळ मिलच्या संगणकात साठ-साठ अक्षरांच्या खणांत भरून ठेवलेले होते.

एका शेऱ्यापाशी मी थांबले. "नॉटविथस्टँडिंग = असे असले तरी. घरी विचारले." ती संध्याकाळ मला आठवली. त्याने कागदावर बोट ठेवून विचारले होते, आणि मी पुस्तकातून मान वर न करता सांगितले होते. त्याने मान हलवली होती की नाही, ते मी पाहिलेच नव्हते.

तेव्हापासून रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मी ती ओळ उघडते. बदल काही करायचा नसतो. उघडते आणि बंद करते.

असे वर्षभर बरे चालले. मग एप्रिलच्या शेवटी एका सकाळी संगणक सुरू केला तर स्क्रीनवर पिवळी पट्टी आली. 'एक्केचाळीस नियमांची मुदत लवकरच संपत आहे.' एक-दोन नियम अधूनमधून संपतच असतात. एक्केचाळीस, तेही सगळे एकाच दिवशी, हे नवीन होते. समाप्ती दिनांक एकतीस मे.

एकतीस मार्च असती तर कुणी मान वर करून पाहिले नसते. सरकारचे वर्ष तेव्हा संपते, बरेच नियमही तेव्हाच संपतात. एकतीस मेला काय संपते? मी मूळ कागद काढले. प्रत्येकाच्या तळाशी तेच होते, 'पुढील आदेशापर्यंत'. म्हणजे ही तारीख सरकारने दिलेली नव्हती. ती त्याने टाकली होती.

मुनीमजींनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन वाचली. "त्या दिवशी सरकार बदलून राहिलं का काय?"

"तसं काही नाही, मुनीमजी."

"मंग हे लाल कशानं व्हायलंय?"

"अजून पिवळं आहे. लाल एकतीसला होईल."

"हाव, म्हंजे खबर पक्की हाय," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

ती खबर मिलमधून आडत बाजारात किती वेळात गेली ते मला माहीत नाही. चौथ्या दिवशी देगलूरच्या एका आडत्याचा शेठना फोन आला, की एकतीस मेपासून सगळी आयात-निर्यात बंद होऊन राहिली म्हणे, तुमच्याकडे दिल्लीची आतली बातमी आहे, आम्हाला तरी सांगा. शेठ शपथेवर सांगत होते की असे काही नाही. ते जितके सांगत होते, तितका त्या आडत्याचा विश्वास वाढत होता.

फोन ठेवून शेठनी मला बोलावले. ते रागावले नव्हते, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "वहिनी, मेच्या शेवटी दोन कंटेनर जायचेत. गेटात अडकले तर बंदरावरचं जहाज थांबणार नाही. त्या पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांचं एक पॅकेज आहे. नियम आपोआप येतात, माणूस लागत नाही. तुमच्या यांनी ही तारीख का टाकली ते तुम्ही शोधा, सगळ्या ओळी तपासा. वीस तारखेपर्यंत झालं तर ठीक. नाही तर त्यांना बटण दाबू द्या."

आमचे सॉफ्टवेअर पुण्याचे आहे. तिथल्या माणसाला मी फोन केला. तो फार नम्र होता.

"पॅकेज टाकलं की जुन्या ओळींचं काय होतं?"

"त्या पुसल्या जातात, मॅडम. सगळं फ्रेश येतं."

"शेरेसुद्धा?"

"शेरे म्हणजे रिमार्क्स? ते कोणी भरतं का?" पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. "हो, तेही जातील. आणि तुम्हाला जुनंच ठेवायचं असेल तर सोपं आहे. जिथे मुदत नसते तिथे सगळे जण एकतीस डिसेंबर दोन हजार नव्याण्णव टाकतात."

"त्या दिवशी काय होईल?"

"त्या दिवशी आपण नसू ना, मॅडम."

तो हसला. माणूस चांगला होता. एवढ्या सहजतेने हे मला वर्षभरात कुणी सांगितले नव्हते.

म्हणजे प्रश्न असा होता: वीस तारखेपर्यंत मी एक्केचाळीस नियम खरे करून दाखवले नाहीत, तर त्याने लिहिलेले सगळे एका बटणाने जाणार होते. माझी नोकरीही जाणार होती, पण वाचनालयातली माझी जागा अजून कुणी, झोपणाऱ्या वाचकानेही, भरलेली नव्हती; मी परत जाऊ शकत होते. शेरे कुठे परत जाणार होते?

मी कागद तपासायला घेतले. रोज चार-पाच नियम. सरकारच्या साइटवर जाऊन मूळ शब्द, नंतरच्या दुरुस्त्या, दुरुस्त्यांच्या दुरुस्त्या. वाचनालयात हरवलेली पुस्तके शोधण्याची सवय कामी आली. पण तारखेचे कोडे सुटत नव्हते. लग्नाची तारीख नाही, मुलीची नाही, घरात राहायला आल्याची नाही.

मध्येच नांदेडला जावे लागले. त्याच्या पेन्शनचे कागद वर्षभर अडले होते, कारण शाळेच्या दाखल्यावर त्याचे नाव एक होते आणि मिलच्या कागदावर थोडे वेगळे. मुलगी नांदेडला शिकते. मी मुखेडमार्गे एसटीने गेले, ती बसस्टँडवर आली, आणि आम्ही दोघी कचेरीच्या ओट्यावर फॉर्म भरत बसलो. ती विचारत होती, मी दाखल्यात बघून सांगत होते.

"जन्मतारीख?"

"एक जून."

"बाबांचा वाढदिवस जूनमध्ये? आजी तर म्हणायची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"तो खरा. हा शाळेचा."

तिने लिहिले. "वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होण्याचा दिनांक." तिने बोटांवर मोजले आणि पेन थांबवले. "आई, म्हणजे बाबा याच महिन्याच्या शेवटी रिटायर झाले असते. एकतीस मे."

मी तिच्या हातातला फॉर्म घेतला. अक्षर तिचे होते, तारीख त्याची.

शेठच्या थोरल्या मुलाने मिलमध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तीचा नियम केला होता. मुनीमजींना तो लागू नव्हता, कारण त्यांना तो सांगायची हिंमत कुणात नव्हती. नवऱ्याने मात्र तो मनावर घेतला होता. सरकार म्हणत होते पुढील आदेशापर्यंत. संगणक म्हणत होता तारीख टाक. त्याने विचार केला असणार, की आपण आहोत तोवर आपण बघू, पुढचे पुढच्याने बघावे. आणि स्वतःची तारीख टाकून तो पुढच्या ओळीकडे वळला असणार. एक्केचाळीस वेळा.

तसे पाहिले तर ती तारीखही त्याची नव्हती. गावातल्या गुरुजींपुढे पोर उभे होते, आईला साल सांगता येत नव्हते, आणि रजिस्टरातला रकाना रिकामा सोडता येत नव्हता. गुरुजींनी एक जून टाकली. त्यांनी ती सगळ्यांनाच टाकली. मराठवाड्यातल्या आमच्या पिढ्या अशा घाऊक जन्मल्या आहेत आणि घाऊक निवृत्त होतात. माझी स्वतःची जन्मतारीख एक जून आहे. मिलमधल्या निम्म्या माणसांची तीच आहे. आम्ही सगळे तीन आठवडे त्या पिवळ्या पट्टीकडे बघत होतो आणि एकालाही उमगले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितले. मुनीमजी शेजारीच बसले होते.

शेठ म्हणाले, "म्हणजे यांनी सरकारला आपल्याबरोबर रिटायर करून टाकलं."

"मंग चुकलं काय?" मुनीमजी म्हणाले. "जवर मी हाय तवर मी बघतो. असा बोलणारा माणूस आता दाखवा मला. माझी बी एक जूनच हाय. गुरुजी म्हणले, लई ध्यानात ठेवायला नगं."

"तुमचं कोणतं साल, मुनीमजी?"

"ते गुरुजीलाच माहीत."

शेठ हसले, पण लगेच सावरले. "कारण कळलं, बरं झालं. ओळींचं काय?"

अडतीस नियम जसेच्या तसे जिवंत होते. तीन सरकारने मधल्या काळात बदलले होते, आणि ते आम्हा कुणाच्या लक्षात आले नव्हते. अडतीसच सांगून तीन गुपचूप दुरुस्त करणे शक्य होते. मी तिन्ही सांगितले. त्याच्या कामात खोट राहावी, आणि तीही मी झाकलेली, हे मला नको होते.

"म्हणजे बिनचूक नाही," शेठ म्हणाले.

"नाही. तिन्ही माझ्या काळातले आहेत. हे गेल्यावर बदललेले."

"उद्या पुण्याचं पॅकेज बघू," ते म्हणाले. "मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी पुण्याचा माणूस स्क्रीनवर आला. त्याने एक बटण दाबले आणि नियम खरोखरच आपोआप आले, ओळीमागून ओळ, रंगीत. माझे तीन बदलही त्यात बरोबर होते. मी खुर्चीत मागे सरकून बसले.

"आणि हे मराठीतही होतं, सर," तो म्हणाला आणि दुसरे बटण दाबले.

मुनीमजी पुढे वाकले. बोट स्क्रीनला टेकवून ते अक्षर लावत वाचू लागले. "क-बू-तर... कबूतर वाटाणे. आयात मुक्त." त्यांनी शेठकडे पाहिले. "आपण कबुतरं कवापासून आणून राहिलो?"

"ते तूर असेल, सर," पुण्याचा माणूस म्हणाला. "भाषांतर आपोआप होतं. पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल."

"पुढच्या म्हंजे कवा?"

"लवकरच, काका."

"तवर हमालाला काय सांगू? कबुतरं उतरव?"

शेठनी हात वर करून त्यांना थांबवले. माझ्याकडे वळले. "वहिनी, आपल्याकडे तूर कशी दिसते?"

मी ओळ उघडली. शेठनी ती मोठ्याने वाचली, क्रमांक, देश, अट, आणि शेवटी शेरा. "इंग्रजीत कबुतराचा वाटाणा. मराठीत तूरच. घाबरू नये." शेवटचे दोन शब्द त्यांनी हळू वाचले. मग विचारले, "हे यांनी लिहिलंय?"

"हो."

"सगळीकडे लिहिलंय?"

"जिथं गरज होती तिथं."

शेठ पुण्याच्या माणसाला म्हणाले, तुमचं पॅकेज उत्तम आहे, आम्ही कळवतो. उदगीरमध्ये याचा अर्थ पुढील आदेशापर्यंत असा होतो.

मग मी तारखा बदलायला बसले. बदललेल्या तीन नियमांच्या जुन्या ओळी बंद करून नव्या भराव्या लागल्या. त्यांचे शेरे आधी वहीत उतरवून घेतले. ते सरकारने बदलले होते, मी नाही, हे स्वतःला सांगत. उरलेल्या अडतीस ओळींत कोणती तारीख टाकायची? दोन हजार नव्याण्णव टाकायला हात धजेना. माझ्या नियमांनी माझ्यापेक्षा इतके जास्त जगावे, हे मला बरे दिसेना. शेवटी मी माझ्याच निवृत्तीची टाकली. दिवस आणि महिना बदलावाच लागला नाही, फक्त साल बदलले. शेऱ्यांना हात लावला नाही. तिथे काही लिहायचे म्हटले तरी फारशी जागा नव्हती, बहुतेक ठिकाणी त्याने साठपैकी दहा-पंधराच अक्षरे उरू दिली होती.

एकतीस मेला सकाळी मी पेढ्यांचा पुडा घेऊन मिलमध्ये गेले. दोन ट्रकची बिले एकापाठोपाठ छापून निघाली. गेट उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. मी पुडा मुनीमजींपुढे धरला.

"कशाचे?"

"यांची रिटायरमेंट."

त्यांनी टोपी सारखी केली. एक पेढा उचलला, अर्धा मोडला, अर्धा परत पुड्यात ठेवला, मग तोही उचलला. "शाल-नारळ काई न्हाई?"

"ट्रक गेले ना."

"हाव, गेले," ते म्हणाले. चावत चावत बराच वेळ त्यांनी स्क्रीनकडे पाहिले. पिवळी पट्टी आता नव्हती. "अन् ताई, तुमची कवा हाय मंग?"

"मास्टरमध्ये आहे," मी म्हटले आणि 'घरी विचारले'ची उघडी ओळ बंद केली.